वीज कारखान्यातच वीज गेली तर?



मागच्या वर्षी गळीत हंगाम आटोपल्यावर आपल्या भागातील काही ऊस उत्पादक सुरत बाजूचे सहकारी साखर कारखाने व तिकडील ऊसशेती पाहण्यासाठी गेले होते. शेतकी खात्यातर्फे मी सोबत होतो. धुळे, नवापूर, सोनगड करीत गाडी व्याऱ्याजवळ आली, तेव्हा कोणीतरी म्हणाले की काकरापारचे अणुवीज केंद्र इथून जवळच आहे. तोवर गाडीत खोडव्याच्या उताऱ्यावरून जोरात वाद चालला होता, तो थांबला. आमच्यात एक जुने सभासद होते, त्यांना सगळेच आप्पा म्हणतात. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "साहेब, मला एक सांगा. वीज तयार करायच्या कारखान्यातच वीज गेली तर तिथली माणसं काय करतात? कंदील लावतात का?"

गाडी हसली. मीही हसलो. पण उत्तर मला देता आले नाही. शेतकी पदविकेच्या अभ्यासात हा धडा नव्हता. परत आल्यावर आपल्या इंजिनीअरिंग खात्यातील मंडळींना विचारले, थोडे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की आप्पांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अणुवीज केंद्रातील आगीपासून संरक्षणाचे आणि आणीबाणीच्या दिव्यांचे जे कडक नियम आज आहेत, ते याच प्रश्नाची किंमत मोजून झालेले आहेत. म्हणून ऊस लागणीचा नेहमीचा विषय या अंकापुरता बाजूला ठेवतो.

आणि हा विषय अगदीच परका आहे असेही नाही. आपल्या हतनूर धरणावरून जे तापीचे पाणी खाली जाते, तेच पुढे उकाई धरणात आणि तेथून काकरापारच्या बंधाऱ्यावर पोहोचते. काकरापारची अणुभट्टी याच तापीच्या पाण्यावर चालते. तेथे २२० मेगावॅटचे दोन संच १९९३ व १९९५ साली सुरू झाले आणि अलीकडे, २०२३ व २०२४ साली, ७०० मेगावॅटचे दोन मोठे संच वीज देऊ लागले. आपल्याच नदीकाठचा हा शेजारी आहे म्हणा ना.

आता मुख्य गोष्ट. वीज केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भुसावळजवळचे दीपनगर येते. तेथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते. आपल्या कारखान्यातही तेच, कोळशाच्या जागी बगॅस. अणुवीज केंद्रातही वाफ आणि टर्बाइन हेच आहे, फक्त उष्णता युरेनियमच्या अणूंच्या विभाजनातून मिळते. फरक पडतो तो बंद करताना. कोळसा थांबवला की भट्टी हळूहळू निवते. अणुभट्टी मात्र बंद केली तरी पुरती बंद होत नाही. विभाजन थांबते, पण त्यातून तयार झालेले पदार्थ आत राहतात आणि ते स्वतःच उष्णता देत राहतात. थांबवल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवस उलटला तरी अर्धा टक्का शिल्लक असते.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण २२० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता साडेसातशे मेगावॅटच्या वर तयार होत असते. तिचे सहा टक्के म्हणजे पंचेचाळीस मेगावॅट. कितीतरी साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प यापेक्षा लहान आहेत! ज्यांनी गुऱ्हाळ चालवले आहे त्यांना हे लगेच कळेल. चुलाणातले जळण ओढून घेतले तरी काहील उकळतच असते. गुळव्या त्या वेळी काहील उतरवून मोकळा होतो. अणुभट्टीची काहील उतरवता येत नाही. तिच्यावरून पाणी फिरवत राहणे एवढा एकच उपाय. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. त्यामुळे ज्या वेळी केंद्राची वीजनिर्मिती बंद पडते, नेमक्या त्याच वेळी केंद्राला स्वतःला विजेची गरज असते.

म्हणून तेथे विजेच्या चार पायऱ्या केलेल्या असतात. आपल्या देशातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत त्यांना वर्ग एक ते वर्ग चार म्हणतात. चौथा वर्ग म्हणजे ग्रिडची किंवा स्वतःच्या जनित्राची नेहमीची वीज. ती गेली तर तिसरा वर्ग, म्हणजे डिझेल जनित्रे आपोआप सुरू होतात, त्यात काही क्षणांचा खंड पडतो. ज्या उपकरणांना तेवढाही खंड चालत नाही त्यांच्यासाठी दुसरा वर्ग, बॅटरीवरून घेतलेली अखंड वीज. आणि सर्वांत खाली पहिला वर्ग, निव्वळ बॅटरीचा एकदिश प्रवाह. एक तुटले तर दुसरे, दुसरे तुटले तर तिसरे. कागदावर ही व्यवस्था इतकी भक्कम दिसते की आणखी कशाची गरज आहे असे वाटू नये.

पण या चारही वर्गांची वीज शेवटी केबलीतूनच जाते, आणि केबल जळते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचे अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तेथे एक साधे काम चालू होते. भिंतीतून केबली जिथे पार जातात तेथील फटींतून हवा गळते का, ते पाहायचे होते. तपासायची पद्धत काय? मेणबत्ती! ज्योत हलली की हवा गळते. फट बुजवायला फोम वापरलेला होता आणि हवेच्या ओढीने ज्योत आत खेचली गेली. फोम पेटला, फोमवरून केबली पेटल्या. आग सुमारे सात तास धुमसत होती. सोळाशेहून जास्त केबली खराब झाल्या आणि त्यांतल्या सहाशेवर भट्टीच्या सुरक्षिततेशी संबंधित होत्या. विजेच्या आगीवर पाणी मारावे की नाही, यातच बराच वेळ गेला. अखेर पाणी मारले तेव्हा ती लवकर विझली. सुरक्षेसाठी खास ठेवलेले पंप एका संचात निकामी झाले होते, तेव्हा दुसऱ्याच कामासाठी असलेल्या पंपांनी भट्टीला पाणी पुरवून कामगारांनी वेळ निभावली. किरणोत्सर्गाने कोणाला इजा झाली नाही.

दहा रुपयांच्या मेणबत्तीने एवढे केले, तेव्हा तेथील नियामक मंडळी खडबडून जागी झाली. १९८० साली त्यांनी जुन्या केंद्रांसाठी नवे नियम केले. त्यांतले दोन आपल्यासारख्याला सहज समजण्याजोगे आहेत आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत.

पहिला नियम वेगळेपणाचा. भट्टी सुरक्षितपणे थांबवण्यासाठी जी दुहेरी यंत्रणा असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या केबली एकाच आगीत सापडता कामा नयेत. त्यासाठी मध्ये तीन तास आगीला थोपवील अशी भिंत हवी. नाहीतर दोहोंत वीस फुटांचे अंतर, मधल्या जागेत जळण्यासारखे काही नाही आणि आग ओळखणारी व आपोआप विझवणारी यंत्रणा हवी. तेही जमत नसेल तर एका बाजूला तासभर टिकणारे अग्निरोधक आवरण आणि सोबत तीच यंत्रणा. उसाच्या फडाला आग लागली की आपण मधला ऊस तोडून पट्टा मोकळा करतो, तसाच हा पट्टा. फक्त तो आग लागण्याच्या आधी काढून ठेवायचा.

दुसरा नियम दिव्यांचा. भट्टी थांबवण्यासाठी माणसाला ज्या ज्या ठिकाणी जाऊन हाताने काही चालवावे लागते, त्या प्रत्येक ठिकाणी, आणि तेथवर जाण्यायेण्याच्या वाटेवर, स्वतःच्या बॅटरीवर किमान आठ तास जळणारे दिवे हवेत. हे दिवे एरवी नेहमीच्या लाइनवर चार्ज होत राहतात आणि वीज जाताच आपोआप लागतात. आता पाहा, नियम करणारांनी नुसते "इमारतीत आणीबाणीचे दिवे असावेत" एवढेच म्हटले असते, तर दिवे बाहेर पडायच्या दारांवर लागले असते. सिनेमा थिएटरात लागतात तसे. सिनेमागृहात माणसाने बाहेर पळायचे असते. येथे काही माणसांना आत जायचे असते. धुरात, अंधारात, जिने चढून एखाद्या व्हॉल्व्हचे चाक फिरवायचे असते. त्यामुळे दिवा कोठे आहे यापेक्षा त्याचा उजेड कशावर पडतो हे महत्त्वाचे. तपासणी करणाऱ्यांना पुढेही जे दोष सापडत राहिले ते फार मोठे नव्हते. कोठे दिव्याचे तोंड भिंतीकडे फिरलेले, कोठे दिव्यासमोर दुरुस्तीचा मचाण उभा, कोठे बॅटरी मेलेली.

बॅटरी मेलेली म्हणजे काय होते हे मी स्वतः अनुभवले आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात, एका कारखान्यात नोकरीस होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. हंगामात रात्री पाच-सहा शेतकऱ्यांना घेऊन मिल हाउस दाखवायला वरच्या प्लॅटफॉर्मवर गेलो असता टर्बाइन ट्रिप झाले आणि सगळा कारखाना अंधारात गेला. वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून सुटली, तो आवाज कानठळ्या बसवणारा. आपलाच हात दिसेना. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर आणीबाणीचा दिवा होता, तो लागलाच नाही. एका ऑइलमनने आम्हाला रेलिंग धरायला लावून, एकेक पायरी मोजत खाली आणले. तरी शेवटच्या वळणावर एक म्हातारे शेतकरी पायरी चुकले आणि त्यांचा घोटा मोडला. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर त्या दिव्याच्या सॉकेटमधून त्याची पिन काढून तेथे टेबलफॅनची पिन घातलेली. केव्हापासून, ते कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्यावर आठ-दहा मिनिटांचा प्रसंग होता, खाली उतरले की सुटलो. आता याच्या उलट, अशा अंधारात कोणाला वर चढायचे असेल तर?

तसा प्रसंग आपल्याच देशात घडला आहे. उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी नरोरा येथे अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३. आपण त्या दिवशी सोसायटीच्या कर्जाच्या नव्या-जुन्यात गुंतलेले असतो. पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. फिरत्या चाकाचा तोल गेला, प्रचंड कंप सुटला. जनित्र थंड ठेवण्यासाठी त्यात हायड्रोजन वायू भरलेला असतो, त्याची सीलं फुटली आणि वायू पेटला. टर्बाइनच्या वंगणाच्या तेलाने पेट घेतला. पाळीवरच्या माणसांनी एका मिनिटाच्या आत भट्टी बंद केली. येथवर सर्व ठीक.

पण आग केबलींवरून पुढे सरकली. वेगवेगळ्या वर्गांच्या विजेच्या केबली पुरेशा वेगळ्या वाटांनी नेलेल्या नव्हत्या, मध्ये आग अडवणारे अडसर नव्हते. एक जळाली तशी दुसरीही जळाली. डिझेल जनित्रे असूनही त्यांची वीज पंपांपर्यंत पोहोचू शकली नाही. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि माणसांना तो सोडावा लागला. अशा वेळेसाठी दुसरा, पर्यायी नियंत्रण कक्ष ठेवलेला असतो. तेथेही वीज नव्हती. सुमारे सतरा तास तो संच विजेवाचून होता.

मग माणसे काय करतात, हा आप्पांचा प्रश्न. हातात बॅटऱ्या घेऊन काही कर्मचारी भट्टीच्या इमारतीत वरपर्यंत चढून गेले. तेथे बोरॉनचे द्रावण साठवलेले असते. बोरॉन अणुविभाजनाला आवर घालतो. भट्टी बंद झाली होती, पण ती बंदच राहील याची खात्री करायला हवी होती आणि नियंत्रण कक्षात काय चालले आहे ते दाखवणारा एकही काटा शाबूत नव्हता. त्यांनी हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि द्रावण आपल्या वजनानेच खाली भट्टीत उतरले. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. दुसऱ्या काहींनी आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेल इंजिनाचे पंप चालू केले आणि ते पाणी वाफ तयार करणाऱ्या बॉयलरांत सोडले. भट्टीतले जड पाणी मग आपोआप फिरत राहिले. आपल्या न्हाणीघरातल्या बंबात गरम पाणी वर चढते व थंड खाली येते, तसेच. अशा रीतीने उष्णता निघून गेली. मोठी आग सुमारे दीड तासात आटोक्यात आली. कोणी दगावले नाही, बाहेर किरणोत्सर्ग पसरला नाही. शून्य ते सात अशी अणु-अपघातांची जी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे तीवर नरोराला तिसरी पायरी मिळाली.

ती माणसे कोण, त्यांच्या हातातल्या बॅटऱ्यांत सेल कधी भरलेले होते, हे मला सारखे वाटत राहते. ब्राउन्स फेरीनंतर आठ तासांच्या दिव्याचा नियम अमेरिकेत होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

नरोरानंतर मात्र आपल्याकडे झाडून तपासणी झाली. हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. आपल्या कारखान्यात जसे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे निरीक्षक येतात, तसे अणुवीज केंद्रांत औद्योगिक सुरक्षेची तपासणीही हेच मंडळ करते. टर्बाइनची पाती तपासली गेली, केबलींच्या वाटा वेगळ्या करणे, मध्ये अग्निरोधक अडसर घालणे, भिंतीतली भोके न जळणाऱ्या मसाल्याने बुजवणे ही कामे निघाली. आगीपासून संरक्षणासाठी मंडळाने स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील तारापूरचे पहिले दोन संच १९६९ सालचे, म्हणजे या सगळ्या नियमांच्या आधीचे. त्यांची २००५-०६ मध्ये मोठी सुधारणा झाली, तेव्हा दोन्ही संचांचा वीजपुरवठा एकमेकांपासून वेगळा केला गेला, नवी डिझेल जनित्रे बसली आणि पर्यायी नियंत्रण कक्षाची सोय झाली. जुन्या घराला नवे वायरिंग करण्यासारखे हे काम आहे. नव्या घरापेक्षा कटकटीचे.

पाण्याचाही धोका आहेच. १९९४ च्या जूनमध्ये अतिवृष्टी होऊन काकरापार केंद्राजवळच्या मोतीचेर तलावाचे पाणी चढले व टर्बाइनच्या इमारतीत शिरले. आणि ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीने जनित्रे आणि बॅटऱ्या दोन्ही बुडवल्या, तेव्हा नियंत्रण कक्षात मिट्ट काळोख झाला. जपानसारख्या देशातील इंजिनीअर मंडळींनी मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या, त्या मीटरच्या तारांना जोडल्या आणि विजेरीच्या उजेडात भट्टीतील पाण्याची पातळी वाचली. त्यानंतर आपल्याकडील केंद्रांतही बाहेरून अग्निशामक बंब जोडून भट्टीकडे पाणी देता येईल अशा जोडण्या, तसेच वीज नसतानाही केंद्राची स्थिती दाखवतील अशी बॅटरीवरची उपकरणे बसवण्यात आली.

हे सर्व मी गेल्या महिन्यात गटऑफिसात आप्पांना सांगितले. उसाच्या नोंदीसाठी ते आले होते. बोरॉन आणि चार वर्ग यांत त्यांना फारसा रस दिसला नाही, पण नरोराच्या केबलींची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. त्यांच्या विहिरीवर दोन मोटारी आहेत. एक बिघडली तर केळी आणि ऊस वाळायला नको म्हणून दुसरी मुद्दाम घेतलेली. दोन्हींचे स्टार्टर एकाच लाकडी फळीवर आणि दोन्हींच्या केबली एकाच पाइपातून विहिरीत उतरवलेल्या.

"म्हणजे मोटारी दोन, पण जळतील एकदमच," आप्पा म्हणाले.

परवा त्या शिवारात प्लॉट पाहायला गेलो होतो. विहिरीच्या पलीकडच्या अंगाला दुसऱ्या पाइपासाठी चर खणून झाला होता आणि त्यांचा नातू खोपीच्या आडव्या दांडीवर चार्जिंगचा दिवा टांगत होता. आप्पा खालून त्याला सांगत होते, "तोंड दाराकडे नको रे, स्टार्टरकडे कर."